हवेतले आसन आणि बारा साळुंक्या

एका राज्यात अमात्याचे आसन जमिनीवर नसे, हवेत असे. चांगले बारा वीत उंच. त्याच्या कडेवर बारा साळुंक्या बसत आणि त्याच ते तोलून धरीत. नवा अमात्य नेमला की दरबारात शब्द दिले जात, आणि दिलेला प्रत्येक शब्द साळुंकी होऊन आसनावर जाऊन बसे. पुढे ती तेवढे एकच वाक्य बोले. शब्द फिरला की साळुंकी उडे आणि आसन वीतभर खाली येई. आसन जमिनीला टेकले की त्यावरचा अमात्य दगड होई. राजवाड्याच्या विहिरीपाशी असे आठ दगड ओळीने उभे होते. दासी त्यांच्यावर धुणे वाळत घालीत.

हा शाप पहिल्या अमात्याचा. तो होता मांत्रिक. दरबाराने साथ सोडली तेव्हा त्याने संतापून शाप उच्चारला, पण उच्चारताना तो स्वतः त्याच आसनावर बसलेला होता, म्हणून पहिला दगड तोच झाला. राग आला की माणसाला आपण कुठे बसलो आहोत तेही दिसत नाही.

राजा मेघकेतूच्या पदरी शार्ङ्गधर नावाचा अमात्य होता. तळी, पाट, विहिरी सगळे त्याच्याकडे. माणूस कामसू, कुणाचे वाईट न चिंतणारा. पण वर्षभरापूर्वी मोठ्या तळ्याचे पाणी कडू झाले. गूळ घातला तरी कडूच. लोकांनी आधी पाण्याला शिव्या दिल्या, मग अमात्याला.

एके सकाळी शार्ङ्गधर शिडी चढून आसनावर बसला, तर शिडीच्या तीन पायऱ्या आसनाच्या वर उरल्या.

"शिडी वाढली," राजा म्हणाला.

"लाकूडच ते, ओलाव्याने वाढते," सेनापती वीरबाहू म्हणाला.

सुताराला बोलावले. त्याने मोजून सांगितले, की शिडी होती तेवढीच आहे. तरी दरबाराने विचारविनिमय करून तीन पायऱ्या कापून टाकल्या आणि प्रश्न मिटला असे जाहीर केले. शार्ङ्गधराने मात्र साळुंक्या मोजल्या. नऊ. तीन गेल्या होत्या, पण कुणाच्या?

त्याने भर दरबारात विचारले. एकेक सरदार उठला, छातीवर हात ठेवून म्हणाला, "अमात्यांना माझा पाठिंबा अढळ आहे." जो सर्वांत मोठ्याने म्हणाला त्याची साळुंकी दुपारी उडाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच झाले. आठवडाभर असा अढळ पाठिंबा मिळत राहिला आणि आसन गुडघ्यापर्यंत उतरले.

घरी त्याच्या बायकोने, रेणुमतीने, पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. "अहो, पाणी कडू का झालं, ते एकदा सांगाल तर बरं."

"राज्यकारभाराच्या गोष्टी आहेत त्या," तो म्हणाला.

अंगणातल्या शेवग्यावर एक साळुंकी वर्षभर बडबडत असे. आधीच त्याचे डोके भणभणत होते. त्याने तिला खडा मारला. रेणुमतीने तिला रोजच्यासारखी भाताची शिते घातली.

शेवटी शार्ङ्गधर विहिरीपाशी गेला, वाळत घातलेले लुगडे बाजूला सारून त्याने पहिल्या दगडापुढे हात जोडले. दगड बोलला.

"तीन दारी जा. प्रत्येक दारी एकच प्रश्न विचार, तुझ्याआधी कोण गेले? सर्वांत आधी उडालेली साळुंकी सापडली, तर वाट सापडेल."

"आणि नाही सापडली तर?"

"माझ्या ओळीत जागा आहे."

पहिले दार वीरबाहूचे. त्याच्या कौलांवर त्याची साळुंकी "रणी वनी मी अमात्यांसवे" असे ओरडत होती. तो तिच्याकडे पाठ करून बसला होता.

"मी साथ सोडली नाही," तो म्हणाला. "सरदार दंडपाणी गेले, म्हणून जरा मागे सरलो."

दुसरे दार दंडपाणीचे. "मी कसला जातो? वीरबाहू जाणार असे कानी आले. ते गेल्यावर जाण्यापेक्षा आधी गेलेले बरे."

शार्ङ्गधर रस्त्यातच डोके धरून बसला. हा त्याच्यामुळे गेला, तो ह्याच्यामुळे गेला, मग सुरुवात कुणापासून झाली?

तिसरे दार सरदार बाहुकाचे. बाहुक खरे बोले, म्हणून त्याला कुणी मसलतीला बोलावीत नसे.

"मीही गेलो, लपवत नाही," तो म्हणाला. "पण त्या दोघांच्या आधी, वर्षभर, कडेवरची एक जागा रिकामी होती. शिडीची एक पायरी तेव्हापासूनच उरत होती. आम्हाला वाटले, कुणा शहाण्याला काहीतरी कळले असावे. तेव्हापासून जो तो दाराकडे डोळे लावून होता."

"कुणाची जागा ती?"

"आम्ही सरदार किती, अमात्य?"

शार्ङ्गधराने बोटे मोजली. अकरा. पुन्हा मोजली. अकराच. साळुंक्या तर बारा होत्या.

"उडालेली साळुंकी आपल्या धन्याच्या घरी जाते," बाहुक म्हणाला आणि त्याने दार लावले.

शार्ङ्गधर घरी धावला. शेवग्याखाली उभे राहून त्याने पहिल्यांदा कान दिला. साळुंकी म्हणत होती, "तळ्याच्या तळाशी जे असेल ते राजाला सांगेन."

"हा कुणाचा आवाज?" त्याने विचारले.

"असं काय करता? तुमचाच की!" रेणुमती म्हणाली. "वर्षभर ऐकतेय. तुम्ही घरात बोलत नाही, म्हणून हिचंच ऐकते."

त्याला सगळे आठवले. वर्षापूर्वी गाळ काढताना तांब्याची पेटी निघाली होती. तिच्यावर राजाच्या आजोबांची मुद्रा होती, आणि झाकणावर कोरले होते, 'लुटीचे धन. सापडल्यावर जो लपवील त्याच्या राज्याचे पाणी कडू.' आजोबांची लूट राजाला सांगायची कशी, या भीतीने त्याने पेटी परत तळ्यात लोटली होती.

"मला भीती वाटते," तो म्हणाला.

"वाटणारच. पण दगडापुढे ताट वाढायची वेळ माझ्यावर आणू नका."

दुसऱ्या दिवशी आसन वीतभरच वर होते. एकच साळुंकी उरली होती, वृद्ध सरदार अक्षोभाची. अक्षोभ वर्षभर दरबारात झोपलेला असल्यामुळे त्याच्या कानी काहीच गेले नव्हते. शार्ङ्गधर आसनावर बसला तेव्हा दोन सरदार अक्षोभाला हलवून जागे करीत होते.

"महाराज," शार्ङ्गधर म्हणाला, आणि त्याने पेटी, मुद्रा आणि आपली भीती, सगळे सांगून टाकले.

राजाने सरदारांकडे पाहिले. सरदारांनी छताकडे पाहिले. खिडकीतून एक साळुंकी आली, पण आसनावर न बसता शार्ङ्गधराच्या खांद्यावर बसली.

अक्षोभ जागा झाला. त्याच्या कानात सांगितले गेले. "असं का? मग मीही नाही," तो म्हणाला आणि त्याच्या साळुंकीने पंख उघडले.

तेवढ्यात शार्ङ्गधर आसनावरून उतरला.

इतक्या पिढ्यांत हे कुणालाच सुचले नव्हते. शिडी चढण्यासाठीच असते, असे सगळे धरून चालले होते. रिकामे आसन धप्पकन जमिनीला टेकले. विहिरीपाशी आठ दगड तडकले आणि आठ जुने अमात्य डोळे चोळत, खांद्यावर ओली लुगडी घेऊन दरबारात आले. मांत्रिकाने पहिला प्रश्न विचारला, "आपल्या बाजूला किती उरले?"

पेटी वर काढली. धन ज्यांचे होते त्यांच्या नातवंडांना परत दिले आणि पाणी निवळले.

"आता अमात्य कोण होईल?" राजाने विचारले.

"मी!" आठही जण एकदम म्हणाले.

त्यांचे भांडण चालू असताना शार्ङ्गधर घरी गेला. रेणुमतीने तांब्या पुढे ठेवला. तो पाणी प्याला, मग तिच्याशेजारी बसून सगळे सांगत राहिला. सांगता सांगता रडलाही. साळुंकीला आता बोलायचे काही उरले नव्हते. ती मुकाट्याने भात खात होती.

त्यांच्या तांब्यातले पाणी जसे गोड झाले, तसे ऐकणाऱ्यांच्याही तांब्यात होवो.