मागची सीट

सांगलीचे हळदीचे व्यापारी शांतिनाथ चौगुले ऊर्फ अण्णा यांच्या दारात दोन आलिशान गाड्या चाचणीसाठी उभ्या होत्या, एक काळी आणि एक पांढरी. अण्णांनी दोन्ही स्वतः चालवून पाहिल्या, तरी निर्णय होईना. शेवटी चहाला आलेल्या पाहुण्यांसमोर त्यांनी ड्रायव्हरला हाक मारली.

"हणमंता, सव्वीस वर्षं गाडी चालवतोयस. सांग बघू, कोणती घेऊ? कारण पटलं नाही तर नव्या गाडीला नवा ड्रायव्हर बघतो."

पाहुणे हसले. हणमंत गाड्यांकडे बघत राहिला. अण्णांसाठी मागचं दार त्याने हजारदा उघडलं होतं, पण आत कधी बसला नव्हता. तिथून रस्ता कसा दिसत असेल, हे एकदा तरी कळावं असं त्याला फार वाटायचं.

"अण्णा, तुम्ही बसणार मागं आणि गाडी पारखलीत पुढं बसून. मागची सीट कुणी बघितलीय?"

"मग तू बस की मागं, आणि सांग."

"बसतो. पण चालवणार कोण?"

सगळ्यांदेखत शब्द गेला होता. अण्णांनी मुकाट्याने किल्ल्या उचलल्या.

आधी काळीतून, मग पांढरीतून, बायपासपर्यंत फेरी झाली. दारात गाडी थांबवून अण्णांनी मान वळवली. "बोला हणमंतराव."

"पांढरी घ्या, अण्णा. काळीत माझा पाय सारखा ब्रेक शोधत होता. पांढरीत तो विसरून गेला."

अण्णा हसले आणि पांढरीची किल्ली त्यांनी मागे त्याच्या हातात दिली. हणमंत उतरला, पण जरा सावकाशच.