सगुणेचा आखूड पाय

फार फार वर्षांपूर्वी, डोंगरपायथ्याच्या एका राज्यात सगुणा नावाची गवळण राहत असे. डोक्यावर दह्याची मडकी घेऊन ती रोज डोंगर उतरायची. एकदा ती घसरून पडली. दुखणे बरे झाले, पण चाल लंगडी झाली आणि डोक्यावर मडकी ठरेनात.

ती राजवैद्यांकडे गेली. त्यांनी तिला निजवले, कमरेच्या हाडापासून घोट्यापर्यंत दोरा धरला आणि म्हणाले, "डावा पाय दोन बोटे आखूड आहे. उजव्याचे हाड तेवढे कापावे लागेल. परवा ये."

घाबरून ती दुसऱ्या वैद्यांकडे गेली. त्यांनी बेंबीपासून दोरा धरला. "छे, आखूड आहे तो उजवा!"

मग ती भिवराबाई वैदिणीकडे गेली. तिने सगुणेला उभे केले, डाव्या पायाखाली पातळ फळ्या सारल्या आणि कंबर समपातळीत आली का ते हातांनी चाचपले. "डावाच आखूड, पण एकच बोट."

सगुणेला काही कळेना. पाय तर तेच दोन! नवऱ्याने विचारले, "अगं, नेमका कोणता?"

"मलाच ठाऊक नाही हो," ती रडवेली होऊन म्हणाली.

ठरल्या दिवशी राजवैद्यांनी करवत काढली. सगुणेने हात जोडले, "कापण्याआधी पुन्हा एकदा मोजा."

"माझा दोरा चुकत नाही!"

"नसेल चुकत. पण पाय माझा आहे."

त्यांनी रागारागाने मोजले. एकच बोट भरले. पुन्हा मोजले, तर फरकच उरला नाही. हाड कातडीखाली दडलेले. दोरा धरणारे बोट दर वेळी थोडे सरकत होते. चक्रावलेल्या राजवैद्यांना सगुणेने इतर दोघांची मापेही सांगितली.

त्यांनी बाकीच्या दोघांना बोलावले. भिवराबाई म्हणाली, "माझेही खरे धरू नका. तिघेही फळ्या ठेवून पाहू, पण आपापले माप कुणी कुणाला सांगायचे नाही."

असे तीन दिवस चालले. नऊपैकी आठ वेळा डावा पाय एक बोट आखूड निघाला.

मग डाव्या वहाणेला एक बोट जाड तळ शिवला. सगुणा मडकी घेऊन सावकाश डोंगर उतरली. एक थेंबही सांडला नाही.

राजवैद्य मात्र त्या दिवशी जेवले नाहीत. याआधी एकदाच मोजून त्यांनी दोन रुग्णांची हाडे कापली होती.

म्हणून लहानथोरांनो, जे माप दुसऱ्या हाताने, दुसऱ्या दिवशीही तेच निघते, त्यावरच विसंबावे.