दाण्यांचा मुक्काम

एकदा एका नळ्यांच्या कारखान्यात वृद्ध मिस्त्रींच्या हाताखाली एक तरुण अभियंता शिकत होता. तिथले यंत्र समजायला सोपे. एका तोंडातून प्लास्टिकचे दाणे आत पडत, तापलेल्या नळकांड्यात फिरणारा स्क्रू त्यांना वितळवत पुढे ढकलत असे आणि दुसऱ्या तोंडातून पांढरी नळी बाहेर येई. नळकांड्यात माल किती मावतो आणि मिनिटाला किती बाहेर पडतो, याचे गणित शिष्याने मांडले होते. उत्तर आले चार मिनिटे. त्या आचेवर दाणे आठ मिनिटे सहज टिकतात, म्हणजे जळण्याचा प्रश्नच नाही.

तरी नळीवर तपकिरी ठिपके येत होते. मग दाणेच भेसळीचे, असे ठरवून शिष्याने पुरवठादार व्यापाऱ्यावर ठपका ठेवणारे पत्र मालकांच्या मेजावर ठेवले. व्यापारी धावत आला.

"साहेब, वीस वर्षं माल देतोय. हे बाजारात कळलं तर माझ्या दारात कुणी उभं राहणार नाही."

"गणित खोटं बोलत नाही, शेठ," शिष्य म्हणाला. त्याला तिळमात्र शंका नव्हती. त्या वयात ती कुणालाच नसते.

मिस्त्री जवळच उभे होते. त्यांनी चालू यंत्रात मूठभर निळे दाणे टाकले.

"काका, हे काय केलंत? चांगला माल नासला."

"नासू दे. घड्याळ बघ, आणि नळीवरची नजर हलवू नकोस."

दोन मिनिटांतच नळीवर निळसर झाक आली. रंग गडद झाला, मग हळूहळू ओसरू लागला. चार मिनिटे झाली, सहा झाली, आठही उलटली. अकराव्या मिनिटालाही एक बारीक निळी रेघ येतच होती.

मिस्त्री म्हणाले, "तुझा भागाकार बरोबर आहे. पण चार मिनिटं ही साऱ्यांची सरासरी, प्रत्येकाचा मुक्काम नव्हे. पंगतीत कुणी भराभर जेवून उठतो, कुणी ताकभातापर्यंत बसून राहतो. मधले दाणे वाट मिळताच निघतात. भिंतीला धरून राहिलेले रेंगाळतात, आणि जळतात ते हेच. असे थोडेसेही नळी बिघडवायला पुरतात. आच ठरवायची ती शेवटी उठणाऱ्याकडे बघून. तू त्याच्याकडे बघितलं नाहीस आणि शिक्षा भलत्यालाच दिलीस."

शिष्याला शरम वाटली, आणि त्याने ती लपवली नाही. "शेठ, दोष तुमच्या मालात नव्हता, माझ्या समजुतीत होता. मालकांना मी आत्ताच जाऊन हेच सांगतो," असे म्हणून तो जिना चढून गेला.

मिस्त्रींनी आच उतरवली. दुपारनंतरच्या नळीवर ठिपका नव्हता.

सरासरी खरी असली, तरी तिच्या जोरावर कुणाला दोषी ठरवण्याआधी मागे कोण राहिले आहे ते पाहावे.