दानीनं कुणाला हाक मारली

“म्हणजे चेटकिणीच्या गोष्टी सगळ्याच बंद?” अक्कांनी विचारलं.

“सगळ्याच,” रेवणप्पा म्हणाला.

“आणि राक्षसाच्या?”

“राक्षस शेवटी मरत असेल तर चालेल.”

“मरत नसेल तर?”

“बाद.”

अक्का अंबाडीची भाजी निवडत होत्या. एक पान त्यांनी उजेडाकडं धरलं, कीड दिसली नाही, टोपलीत टाकलं.

“आणि कोल्ह्याची?”

“लबाडी करून सुटला असेल तर बाद. पकडला गेला तर चालेल.”

“हं…”

रेवणप्पानं हातातला कागद पुन्हा एकदा सरळ केला.

हरळगुंडीच्या लिंगायत मठात शांतव्वा अक्कांना येऊन चाळीस वर्षं झाली होती. रेवणप्पा त्यांच्याकडं एकोणीस वर्षं येत होता. गावात त्याचं बियाण्याचं दुकान. सोमवारचा मुलांचा वर्ग अक्कांनी त्याच्याकडं सोपवला, तेव्हापासून रस्त्यानं जाणारेही थांबून त्याला ‘शरणार्थ’ म्हणत. ते त्याला आवडत असे. तसं तो कुणाला सांगत नसे, एवढंच.

गेले तीन महिने त्यानं घरोघर फिरून मुलांची गोष्टींची पुस्तकं गोळा केली होती. एकेक पुस्तक स्वतः वाचलं. चालतील ती उजवीकडं, बाद ती डावीकडं, अशी यादी केली. आज सोमवार. बाहेर मंडपात तीसेक आईबाप येऊन बसले होते. अक्कांची सही झाली की यादी वाचायची, एवढंच बाकी होतं.

“लोक खोळंबलेत, अक्का. दोघंतिघं तर म्हणताहेत, बाद झालेली पुस्तकं आजच मठामागं पेटवू.”

“तुला हे कधी सुचलं?”

“काय?”

“यादीचं.”

रेवणप्पा घुटमळला.

“आई आजारी होती तेव्हा.”

“सांग.”

सांगायचं त्याच्या मनात नव्हतं. पण अक्कांनी ‘सांग’ म्हटल्यावर टाळायची त्याला सवय नव्हती.

“आईला लातूरला दवाखान्यात ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी मी कपडे न्यायला घरी आलो. बघतो तर दानी माळवदावर बसलेली. पुढ्यात पुस्तक उघडं. त्यात चेटकिणीचं चित्र. चित्रावर जास्वंदीचं फूल, चिमूटभर साखर… आणि ही हात जोडून म्हणतेय, माझ्या आज्जीला बरं कर.”

त्याचा आवाज चढला.

“अक्का, आपल्यात एकच देव. गळ्यातलं इष्टलिंग सोडून दुसऱ्या कुणापुढं हात जोडायचे नाहीत, हे मी तिला बोलता येऊ लागल्यापासून शिकवलंय. माझी मुलगी! वर्ग घेणाऱ्याची मुलगी!”

“मग?”

“मग काय… एक कानाखाली दिली. पुस्तक फाडलं.”

“मग?”

“आता शहाण्यासारखी वागते. एक शब्द उलट बोलत नाही.”

“आणि सुलट?”

रेवणप्पानं कागदाच्या कडेवरून बोट फिरवलं.

“आई बरी आहे ना आता?”

“बरी आहे. पाचव्या दिवशी घरी आणली. हिंडते-फिरते.”

“दानीला विचारलंस, असं का केलंस म्हणून?”

“त्यात विचारायचं काय? पुस्तकात वाचलं, तसं केलं. म्हणून तर ही यादी.”

“बोलाव तिला.”

“आत्ता? अक्का, बाहेर लोक…”

“बोलाव.”

दानी आईबरोबर मंडपात बसली होती. बोलावल्यावर दोघी आल्या. आई महानंदा दारातच थांबली. आठ वर्षांची दानी आत आली, अक्कांना वाकून ‘शरणार्थ’ म्हणाली आणि बापापासून जितकं लांब उभं राहता येईल तितकं लांब उभी राहिली.

“दाने, आज्जी आजारी होती, तेव्हा तू कुणाला हाक मारलीस?”

दानीनं बापाकडं पाहिलं. ओठ घट्ट मिटले.

“सांग की. अक्का विचारताहेत,” रेवणप्पा म्हणाला.

ओठ आणखी मिटले.

अक्कांनी भाजीची जुडी खाली ठेवली.

“रेवणप्पा, भिंतीकडं तोंड करून बस.”

त्याला वाटलं, आपल्या ऐकण्यात काही चूक झाली.

“मी?”

“तू.”

दार उघडं होतं. मंडपातल्या पुढच्या रांगेला आतलं सगळं दिसत होतं. रेवणप्पाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. एकोणीस वर्षांत अक्का त्याला कुणादेखत एका शब्दानं बोलल्या नव्हत्या. तो उठला, वळला आणि मांडी घालून भिंतीसमोर बसला. नव्या चुन्याचा वास नाकात गेला. मागं कुणीतरी दबक्या आवाजात काहीतरी म्हणालं.

“आता सांग,” अक्का म्हणाल्या.

“चेटकिणीला.” दानीचा आवाज फार बारीक होता.

“कुठं राहते ती?”

“चिंचेच्या ढोलीत. सगळे तिला भितात. पण ती काही करत नाही. एक मुलगी रस्ता चुकते ना, तिला ती आत घेते. गरम आंबील देते. आणि…”

“आणि?”

“काय केलंस म्हणून विचारत नाही.”



“तुझ्या गळ्यात लिंग आहे, दाने. त्याला का नाही सांगितलंस?”

मठाच्या मागं दासोहाचा स्वयंपाक चालला होता, येईल त्याला जेवू घालण्याचा. तिकडून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. थप्… थप्… रेवणप्पा तो मोजू लागला आणि मध्येच चुकला.

“त्यानं ऐकलं नसतं,” दानी म्हणाली.

“का बरं?”

“मी खोटं बोलले होते.”

“कुणाशी?”

“बाबांशी.”

भिंतीशी बसलेल्या माणसाची पाठ ताठ झाली. वळायची त्याची हिंमत झाली नाही.

“आज्जीची संध्याकाळची गोळी मी देते. त्या दिवशी मी खेळायला गेले आणि विसरले. बाबांनी विचारलं, दिलीस का. मी हो म्हटलं… दुसऱ्या दिवशी सकाळी आज्जी पडली.”

दारात महानंदानं पदर तोंडाशी नेला.

“मग देवाला सांगायचं होतंस, चुकलं माझं म्हणून.”

“खोटं बोललं की देव ऐकत नाही. गोष्टीतली मुलगी खोटं बोलते. मग ती लई रडते, पाया पडते, तरी देव पाठच फिरवतो. आणि तिची आई मरते.”

“ही गोष्ट कुठल्या पुस्तकातली गं?”

“पुस्तकातली नाही. बाबांची आहे.”

भाकरीचा आवाज थांबला होता. की रेवणप्पाला ऐकू येत नव्हता, कोण जाणे.

ती गोष्ट त्यानं स्वतः रचली होती. वर्गात सांगितली तेव्हा पोरं श्वास रोखून बसली होती. एका आईनं घरी येऊन सांगितलं होतं, तुमच्या गोष्टीनं आमचा पोरगा सुधारला. त्या दिवशी तो दुकानावर उगाचच हसत बसला होता.

आणखी एक गोष्ट त्याला आठवली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं होतं, गोळी चुकली होती का? तो छातीठोकपणे म्हणाला होता, आमच्या घरात एकही चुकत नाही. तेव्हा दानी तिथंच, आज्जीच्या खाटेला धरून उभी होती. ती खाली बघत होती. पोरगी दमली असेल, असं त्याला वाटलं होतं.

तो अक्कांना न विचारताच वळला.

दानी झटकन अक्कांच्या मागं सरली.

रेवणप्पा गुडघ्यांवर पुढं आला. तिच्या डोक्यावर ठेवायला त्यानं हात उचलला…

दानीनं दोन्ही हातांनी गाल झाकले.

हात तसाच राहिला. खाली घ्यावा की पुढं न्यावा, त्याला कळेना. महानंदा कधी येऊन मध्ये उभी राहिली, तेही त्याला कळलं नाही.

“तीन महिने झाले,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “गालावर हात ठेवून झोपते ती. तुमच्या डोळ्यांसमोर. तुम्ही यादी लिहीत होता.”

त्यानं हात खाली घेतला.

“दाने…”

ती अक्कांच्या खांद्याआडून बघत होती.

“दाने, डॉक्टर म्हणाले होते, वयामुळं झालं. एका गोळीनं काही होत नसतं. तुझ्यामुळं नाही झालं, बाळा.”

“खरं?”

“खरं.”

“शप्पथ?”

रेवणप्पानं गळ्यातल्या लिंगाला हात लावला. शपथ घ्यायची नाही, असं तोच वर्गात शिकवत असे.

“शप्पथ.”

दानीनं एका गालावरचा हात काढला. दुसरा तसाच ठेवला.

“रेवणप्पा! किती वेळ हो?” मंडपातून कुणीतरी ओरडलं. “पुस्तकं न्यायची का मागं?”

तो उठला. सवयीनं त्यानं कागद उचलला आणि दारात जाऊन उभा राहिला. तीस चेहरे वर झाले. डावीकडं बाद पुस्तकांचा ढीग होता, एकानं काडेपेटीही आणून ठेवली होती. पुस्तकांच्या मालकांपैकी काही पोरं खांबाला टेकून उभी होती आणि ढिगातल्या आपापल्या पुस्तकावर नजर ठेवून होती.

रेवणप्पानं कागद उघडला. त्याचंच अक्षर, वळणदार, ओळीत बसलेलं. त्यानं घसा साफ केला.

“शरणार्थ…” तो म्हणाला.

पुढचा शब्द येईना. लोक वाट बघत राहिले. समोरच्या एका म्हाताऱ्यानं, ऐकू येत नसेल म्हणून, कानाशी हात नेला.

“आज वाचत नाही,” रेवणप्पा म्हणाला. “ज्याचं त्यानं पुस्तक घरी न्या.”

गलका झाला. का, काय झालं, अक्का काय म्हणाल्या? कुणी चिडून उठलं. त्यानं काडेपेटी उचलून खिशात घातली आणि आत आला.

अक्का पुन्हा भाजी निवडत होत्या. दानी त्यांच्या शेजारी बसून देठ वेगळे करत होती. रेवणप्पा समोर बसला. आयुष्यभर एकाच देवाला धरून राहिलेला माणूस. त्याच्या मनात अजून एक काटा सलत होता.

“अक्का, माझं चुकलं. मारलं ते चुकलं. ती गोष्टही…”

“हं.”

“सगळं कबूल. पण…”

“पण काय?”

“लिंग गळ्यात असताना ती दुसऱ्याच्या दारात गेली. ते तर चूकच ना, अक्का?”

अक्कांचे हात थांबले. त्यांनी मान वर करून त्याच्याकडं पाहिलं.

“गेली खरी.”

“मग?”

“देव एकच म्हणतोस ना? मग ते दार आतून कुणी उघडलं, रेवणप्पा?”