काचेपलीकडची माणसं

“मग तिच्याच हाताखाली माणसं जीव ओतून काम का करतात? माझ्या का नाही?”

नरहर खांबेटेने पायरीवर टेकायच्या आधीच विचारलं.

अक्का पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी सूप सरकवून त्याला जागा करून दिली.

नरहर एका पंपांच्या कारखान्यात मोठा अधिकारी होता. कामगारांची उमेद कशी वाढवावी, यावर तो गावोगावी व्याख्यानं देई. अक्कांच्या नदीकाठच्या मठात तो कॉलेजात असल्यापासून येत होता. अलीकडे आला की तोच जास्त बोले.

“कोण ती?”

“कुंदा लोखंडे. माझ्या शेजारची शेड तिच्याकडे आहे. कालची पोर, अक्का. माझी व्याख्यानं ऐकून शिकलेली.”

“बरं.”

“मी सगळं करून पाहिलं. पगार वाढवून दिला. बक्षिसं ठेवली. एकाच कामाचा कंटाळा येतो म्हणून माणसं फिरवली. माणसाला आधी पोट, मग सुरक्षितता, मग मान... हे मी झोपेतही सांगेन. ती यातलं काहीच करत नाही. तरी तिची माणसं भोंगा झाल्यावरही यंत्र पुसत थांबतात. माझी भोंग्याआधीच हात धुऊन उभी.”

अक्का सोलत राहिल्या.

“शेवटी तिचे चांगले कारागीर मी माझ्याकडे मागून घेतले.”

“मग?”

“आता तेही हात धुऊन उभे असतात.”

नदीवर कुणीतरी धुणं आपटत होतं. नरहर तिकडे बघत म्हणाला, “मालक दोन्ही शेड तिच्याकडे द्यायचं म्हणतायत. उद्या बैठक आहे. तिला दुसऱ्या कारखान्यात पाठवा, असं सांगणार आहे मी. काहीतरी कारण देता येईल.”

“खरं कारण काय?”

त्याने सुपातली एक शेंग उचलली आणि परत टाकली.

“...तिच्या शेडमधलं हसणं मला ऐकवत नाही.”

अक्कांनी हातातली शेंग खाली ठेवली.

“कोण हसतं?”

“सगळ्यात मोठ्यांदा बाबूमियाँ. मुलीचं लग्न ठरलंय, म्हणून सध्या जरा जास्तच. तो हसला की सुलभा तोंडाला पदर लावते. तिचा डावा खांदा दुखतो. जड काही असलं की बाबूमियाँ न सांगता उचलतो. एक पवार आहे, अबोल. पूर्वी आईच्या हातचं लोणचं सगळ्यांना वाटायचा. आई गेल्यापासून कोपऱ्यात एकटाच जेवतो. कुंदा डबा घेऊन त्याच्या शेजारी जाते. बोलत नाही काही... नुसती बसते.”

तो सांगत राहिला. त्याचा आवाज केव्हा मऊ झाला, ते त्याच्या लक्षात आलं नाही.

तो थांबल्यावर अक्कांनी विचारलं, “आणि तुझ्या शेडमध्ये?”

“माझ्या शेडमध्ये काय?”

“कुणाचा खांदा दुखतो?”

नरहरला आपल्या शेडमधला एकही खांदा आठवेना.

“तिकडचं इतकं कसं ठाऊक रे तुला?”

“मध्ये काच आहे.” त्याची मान खाली गेली. “रोज बघतो. जेवायच्या सुट्टीतसुद्धा.”

“कुणी बघायला सांगितलं होतं?”

“नाही.”

“त्याचे काही पैसे मिळतात?”

“...नाही.”

“कंटाळा येतो?”

नरहरने नुसती नकारार्थी मान हलवली.

धुणं आपटायचा आवाज थांबला होता. त्याने कपाळावरचा घाम पुसला. व्याख्यान देणाऱ्याचा तो आवाज आता राहिला नव्हता.

“उद्या बैठकीत मी काय बोलू, अक्का?”

अक्कांनी त्याच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता.

“ते नंतर. आधी मला सांग, काचेतून बघायचं हे काम तुझ्याकडून इतकं मन लावून कुणी करून घेतलं?”