जिभेवरचा पाहुणा

“एवढंच सांगा फादर, उपास मोडला की नाही?”

“कशाने मोडेल?”

“दवाने.”

फादर रुजार रविवारच्या उपासनेचा, मिस्साचा झगा चढवत होते. एक हात बाहीत, एक बाहेर, तसेच ते थांबले. वेदीमागच्या त्या खोलीत वसईचं धुकं खिडकीतून आत आलं होतं आणि मेणबत्त्यांच्या खोक्यावर मांजरासारखं अंग चोरून बसलं होतं.

बस्त्याव तुस्कानोचा जीव टांगणीला लागला होता. त्या काळी फादरांच्या हातून जिभेवर ख्रिस्तप्रसाद घ्यायचा तर मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही घशाखाली उतरता कामा नये, असा कडक नेम. आणि नेम पाळावा तर बस्त्यावने! शनिवारी दिवेलागणीलाच तो तोंडावर उपरणं बांधायचा. चुकून एखादं चिलट गेलं तर काय घ्या? रविवारी वेदीपुढच्या कठड्याशी पहिला गुडघा त्याचाच टेकायचा.

ऐट होतीच. पण तो एक घास मिळाला नाही, तर आठवडाभर त्याला भात मातीसारखा लागे, हेही खरं.

“वाटेत जांभई आली,” बस्त्याव म्हणाला, “म्हणून उपरणं खाली ओढलं, तर केळीच्या पानावरून टपकन तोंडात! मी काही केलं नाही हो. आपोआप गेलं.”

“कुणाच्या केळीवरून?”

“पलीकडच्याच्या. पान मुद्दाम माझ्या वाटेवर वाढवलंय त्याने.”

“पलीकडचा म्हणजे?”

“पलीकडचा.”

“त्याला काही नावबिव?”

बस्त्याव उपरण्याची गाठ घट्ट करू लागला.

नाव होतं. सख्ख्या धाकट्या भावाला असतं तसं. बाप गेल्यावर वाडीची वाटणी झाली, विहीर बस्त्यावकडे आली, आणि त्याने तिच्याभोवती काट्यांचं कुंपण घातलं. तेव्हापासून भाऊ गावच्या तळ्यातून कावडीने पाणी वाहून केळी जगवत होता. आणि तेव्हापासून त्याचं नाव बस्त्यावच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं.

“आणखी काही सलतंय का मनात? नीट बघ.”

“काल सगळी कबुली दिलीय की! बैलाला शिवी दिली ती. तुमच्या प्रवचनात पेंगलो ते. कोपऱ्याकोपऱ्यातून शोधून काढली पापं, फादर. आतून अगदी लख्ख आहे मी.”

“तोंड उघड.”

“आं?”

“उघड म्हणतो ना. बघू दे.”

फादरांनी मेणबत्ती जवळ आणली. उभा जन्म प्रसाद देण्यात गेलेला, त्यामुळे गावातली माणसं ते चेहऱ्याच्या आधी जिभेवरून ओळखत. बराच वेळ ते वाकून बघत राहिले.

“अरेच्चा!”

“काय झालं?”

“इथे कुणीतरी बसलंय.”

“कु... कुठे?”

“जिभेवर. पाठमोरा आहे. लाल टोपी. खांद्यावर कावड. मडकी कोरडी ठाक. वाट बघत बसलाय बिचारा.”

बस्त्यावने फटकन तोंड मिटलं. आणि मग... त्यालाही जाणवलं. जिभेवर खरंच ओझं होतं. ते ओझं बसल्याबसल्या मांडी बदलत होतं.

“हाकला त्याला, फादर!”

“मी कोण हाकलणारा? घर तुझं, पाहुणा तुझा.”

“आणि उपास?”

“उपास शाबूत आहे. जागा नाही.”

घंटा झाली. फादर वेदीकडे गेले.

त्या दिवशीची मिस्सा बस्त्यावला पाण्याखालून ऐकू आल्यासारखी वाटली. धुकं देवळात शिरलं होतं आणि खांब पुरातल्या झाडांसारखे गुडघाभर त्यात उभे होते. प्रसादाची वेळ झाली. जागेवरच बसून राहावं, तर गाव बघणार. जावं, तर जिभेवर हा...

तो गेला. गुडघे टेकले. तोंड उघडलं.

फादरांचा हात वर आला, आणि तिथेच थांबला.

कुणी खोकलं नाही. मेणबत्त्या हलल्या नाहीत. समुद्रानेही लाट अर्ध्यावर धरून ठेवली होती, असं त्या दिवशी किनाऱ्यावर असलेले कोळी अजून शपथेवर सांगतात.

जिभेवरच्या माणसाने रिकामी मडकी हलवली...

“इनास,” बस्त्याव म्हणाला.

“ओ!” दाराजवळून कुणीतरी दचकून ओ दिली.

“इनास, रहाट... रहाट सकाळी रिकामाच असतो रे.”

“कठड्याशी बोलतात का मेल्या!” मागून कातरीनकाकी फिस्कारली.

इनास पुढे आला. लाल टोपी हातात चुरगाळत दादाच्या शेजारी टेकला.

“काटे काढायला कोयता आणू?” त्याने हळूच विचारलं.

“आण.”

बस्त्यावची जीभ एकाएकी हलकी झाली. कठड्यावरच्या पांढऱ्या कापडावर बोटाएवढ्या पावलांचे ओले ठसे उमटलेले पुष्कळांनी पाहिले. जे त्या दिवशी मिस्साला नव्हते, ते तर जास्तच खात्रीने सांगतात.

फादरांनी इनासला प्रसाद दिला. मग ते बस्त्यावकडे वळले.

पण आता बस्त्यावचं तोंड मिटलेलं होतं. डोळ्यांपुढे उन्हाळे येत होते, एकामागून एक. प्रत्येक उन्हाळ्यात कुंपणाबाहेरून मान खाली घालून जाणारी ती कावड...

“नको, फादर. पुढच्याला द्या,” तो पुटपुटला. “माझी लायकी नाही.”

फादर रुजार त्याच्याजवळ वाकले.

“लायक होतास, तेव्हा जागा नव्हती. आ कर.”