वरचे दोन

“अजून दोन मारू का, चाचा?”

निशिकांतचा पाय पायपंपावर होता. काळ्या खडकावर ओढून ठेवलेल्या रबरी बोटीच्या ट्यूबवर बाबालालचाचांनी टिचकी मारली. आवाज ढोलकीसारखा घट्ट आला.

“सकाळी भरलीस तेव्हाही असाच वाजत होता?”

“नाही. ऊन चढलं तशी फुगली.”

“आणि तुला अजून दोन मारायचेत.”

निशिकांतने पाय काढला नाही. पलीकडच्या वाडीच्या काठावर शालनचा सासरा टॉवेल हलवत उभा होता. शालनला आठवा महिना होता आणि पहाटेपासून कळा येत होत्या. पूल दुरुस्तीला काढलेला. रस्त्याने वळसा चौतीस किलोमीटर.

चाचा वाकले. ट्यूबचं टोपण फिरवलं. हवा सुसाट बाहेर पडू लागली.

निशिकांतने त्यांचं मनगट धरलं. “काय करताय? धरणाचं पाणी बर्फासारखं आहे. आत घातली की मऊ पडेल.”

“पडेल.”

“मग?”

“मग तिथं भरू. हा खडक तापलाय. अजून ताणलीस तर जोड सुटेल. मग ती पोरगी आणायची कशातनं, तुझ्या पंपातनं?”

मनगट सोडायला त्याला वेळ लागला.

दोघांनी बोट उथळ पाण्यात लोटली. चाचांनी दोर त्याच्या हातात दिला आणि स्वतः पाण्यात पाय सोडून बसले.

“आता?”

“दहा मिनिटं.”

“पलीकडं बाई तळमळतेय, चाचा.”

“ठाऊक आहे.”

निशिकांत गुडघाभर पाण्यात उभा राहिला. पाय बधिर होत गेले. समोर टॉवेल हलायचा थांबला, परत हलू लागला. मागच्या वैशाखात इथूनच निघाले होते ते दोघे भाऊ, तो आणि धाकटा सतीश. पंपावरचा हवेचा काटा खुणेवर होता, खडकावर, उन्हात. सतीशने विचारलं होतं, “दादा, जरा थांबू या का?” निशिकांत म्हणाला होता, “काटा बघ की. बस.” मधल्या धारेत ट्यूब लिबलिबीत झाली आणि बोट मधोमध दुमडली. सतीश वर आलाच नाही.

तेव्हापासून तो खुणेच्या वर दोन झटके मारायचा. दूधवाल्याच्या वरच्या धारेसारखे. कुणी विचारलं तर म्हणायचा, असू देत.

ट्यूब हळूहळू सैल पडत होती. हाताखाली ते मऊ होणं कळत होतं.

“चाचा, भरू?”

“गार झाली?”

त्याने तळवा ट्यूबच्या पोटाला लावला. मग पाण्यात घातला. परत ट्यूबला. दोन्हीकडे सारखंच.

“झाली.”

“भर मग.”

त्याने पंप काठच्या दगडावर ठेवला आणि दाबू लागला. काटा चढला. खुणेला आला. टेकला. चाचांनी टिचकी मारली आणि मान हलवली.

निशिकांतचा पाय पंपावरच राहिला.

“पुरे,” चाचा म्हणाले.

“वर दोन…”

“पलीकडं सावली नाही. पोरीला उचलून आणेस्तोवर बोट उन्हात थांबेल, परत फुगेल. वरचे दोन कुठं जातील?”

“फार नाहीत, चाचा. दोनच.”

“कुणासाठी?”

पलीकडे सासरा आता खाली बसला होता.

“कुणासाठी रे?”

“सतीशसाठी…”

चाचांनी त्याच्या हातातला दोर काढून घेतला, आत बोटीत टाकला आणि बोट कमरेने धारेकडे ढकलली.

“या फेरीला तो नाही. वल्हं घे.”